‘स्टँडवरची सायकल’ची शेवटची प्रत

१

‘स्टँडवरची सायकल’ ही कादंबरी चोरीला गेली. एखादी प्रत नव्हे, आमच्या भागातल्या सगळ्याच्या सगळ्या प्रती.

प्रकाश देशकरने हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. हिंदी मुलखातल्या या शहरात आमच्या आनंद नगरचं मराठी मंडळ आहे, प्रकाश त्याचा सचिव. मी म्हटलं, “अरे, मराठी पुस्तक चोरायला चोराला मराठी वाचता तरी यायला हवं. असा कुणी सापडला तर त्याला पकडू नकोस, मंडळात शाल-श्रीफळ दे.”

“मजाक नका करू, भाऊसाहेब,” प्रकाश रडकुंडीला आला होता. “रविवारी कार्यक्रम आहे. बॅनर लागले. मंडळाच्या कपाटातली प्रत गायब. म्हटलं, मुळे सरांकडून आणू, तर तिथलीही गायब. चार घरं फिरलो. सगळ्यांकडे होती म्हणतात, आणि आता कुणाकडेच नाही.”

“माझी घेऊन जा,” असं मोठ्या दिमाखात म्हणून मी उठलो.

इथे थोडं सांगायला हवं. काशिनाथ खानझोडे हे आमच्या कॉलनीतले निवृत्त इंजिनिअर. दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यातून बदली होऊन ते इथे आले, तेव्हा ही कादंबरी नुकतीच छापून झाली होती. तेवढी एकच त्यांनी आयुष्यात लिहिली. नागपूरचा तो प्रकाशक पुढे बंद पडला आणि उरलेले गठ्ठे काशिनाथरावांकडे आले. मग वास्तुशांत असो, बारसं असो की कुणाची सेवानिवृत्ती, काशिनाथराव पाकिटाऐवजी पुस्तक द्यायचे. त्यामुळे आनंद नगर ते अयोध्या नगर, ज्या घरात मराठी बोललं जातं त्या प्रत्येक घरात ही कादंबरी होती. वाचली मात्र कुणी नव्हती. मीही त्यातलाच एक.

मग कोलार रोडच्या तन्वी आठल्ये या पोरीने त्यावर सिनेमा काढला. दिवाळीत तो मोबाइलवर आला, गाजला, आणि ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनाही अचानक पुस्तकाचा कळवळा आला. कारण मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तो संपल्यावर काशिनाथराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, “हे मी असं लिहिलं नव्हतं.” झालं, दोन तट पडले. सिनेमाने पुस्तकाबरहुकूम चालावं, की आपल्या पायांनी चालावं? यावरच रविवारी परिसंवाद होता, आणि शेवटी काशिनाथराव स्वतः कादंबरीचं अखेरचं प्रकरण वाचून दाखवणार होते.

मी भिंतीतल्या कपाटाशी गेलो. वरच्या फळीवर शब्दकोश होता, त्याच्यापलीकडे पाककृतींचं पुस्तक होतं, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट होती. फटीतल्या धुळीत चौकोनी स्वच्छ जागा दिसत होती.

“अहो, नीट बघा, तिथेच असेल,” स्वयंपाकघरातून आमच्या मंजूषाबाई म्हणाल्या.

माझी सगळी नोकरी सरकारच्या दक्षता विभागात गेली. गैरव्यवहाराच्या चौकशा करून केस पांढरे झाले. आणि माझ्याच घरात चोरी! मी चपला घातल्या.

२

काशिनाथराव पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. फाटक सताड उघडं होतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

“कोण, निनाद?”

“नाही हो, अरविंदभाऊजी आलेत. पांढरीपांडे,” आतून सिंधूवहिनी म्हणाल्या. निनाद हा त्यांचा मुलगा, बाहेर असतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. आजकाल कुणाचा मुलगा बाहेर नसतो?

काशिनाथरावांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. वय अठ्ठ्याहत्तर, पण पकड अजून कारखान्यातली होती.

“अरविंदराव, प्रकाश म्हणाला तुम्ही शोधताय. एक प्रत मिळवून द्या. तेवढं करा.”

“रविवारच्या आत मिळेल,” मी म्हटलं.

“रविवार गेला खड्ड्यात.” ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मला शेवट आठवत नाही.”

मला आधी नीट कळलं नाही.

“माझ्या पुस्तकाचा शेवट. सिनेमात तो पोरगा परत येतो. स्टँडवरून सायकल काढतो, घंटी वाजवतो, बाप धावत बाहेर येतो. चांगलं आहे. पण मी असं लिहिलं नव्हतं, असं मला वाटतं. मग मी काय लिहिलं होतं? दिवसभर तेच डोक्यात फिरतं. दुसऱ्याने काढलेल्या चित्रात आपलं पोरगं बघायचं आणि ते आपलं की नाही तेही ठाऊक नाही, हे काय जिणं आहे, सांगा. मला माझं लिहिलेलं वाचायचंय. मग ते काही का असेना.”

माणूस इतक्या अजिजीने बोलला की माझी चोर पकडण्याची सगळी मिजास उतरली. हा परिसंवादाचा प्रश्न नव्हता. एका माणसाला त्याने स्वतः लिहिलेलं परत हवं होतं.

“तुमच्याकडच्या प्रती?” मी विचारलं. “गठ्ठे होते ना?”

“त्या पेटीत होत्या. आता नाहीत.”

सिंधूवहिनी चहा घेऊन आल्या. “वाळवी लागली होती, भाऊजी. दिल्या टाकून.”

मी पेटी बघायला मागितली. आतल्या खोलीत होती, चांगली जाड पत्र्याची, झाकण घट्ट बसणारी. तळाशी ना माती, ना भुगा. भिंतही कोरडी. माझ्या मनात नोंद झाली, पण मी ती पुढे नेली नाही. घरातली अडगळ काढताना बायका वाळवीचं नाव पुढे करतात, हे मला आमच्या घरच्या अनुभवावरून माहीत होतं.

निघताना काशिनाथरावांनी पुन्हा हात धरला. “कोण, निनाद?” असं विचारलं आणि स्वतःच ओशाळून हसले.

३

पहिला संशय प्राध्यापक श्रीकांत मुळ्यांवर जाणं भाग होतं. तन्वीच्या सिनेमावर त्यांनी वर्तमानपत्रात तीन रकाने लिहिले होते. ‘मूळ कलाकृतीशी प्रतारणा’ असा मथळा. रविवारी तिच्यासमोर तेच बसणार होते.

“कादंबरी ही आई, अरविंदराव, आणि सिनेमा ही लेक,” ते सोफ्यावर रेलून म्हणाले. “लेक सासरी गेली म्हणून आईचं नाव टाकते का?”

“आजकाल टाकत नाहीत,” मी म्हटलं. “बरं, कादंबरीतल्या बापाचं नाव काय हो? विसरलो मी.”

प्राध्यापक खोकले. “नावाला महत्त्व नाही. आशय बघा.”

“आणि तो कारखान्यात काय काम करतो?”

“श्रमिक वर्गाचा प्रतिनिधी आहे तो,” मुळे म्हणाले आणि चहा थंड होतोय म्हणून मला घाई करू लागले. चहा ठेवायला टीपॉयवर जागाच नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या लोकांच्या घरोघरी वाणाचा पूर येतो. इथेही चहाच्या गाळण्या, साबणदाण्या आणि प्लास्टिकच्या डब्यांची चळत लागली होती. मुळ्यांच्या पल्लवीवहिनींनी ती सरकवून कप ठेवला आणि लगबगीने आत गेल्या.

माझी खात्री पटली. या गृहस्थांनी पुस्तकाचं पानही उलटलं नव्हतं. रविवारी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं गेलं असतं, लोकांनी प्रश्न विचारले असते, आणि सरांची अब्रू चव्हाट्यावर आली असती. प्रती नाहीशा करायला याहून चांगलं कारण काय हवं?

पण एक गोष्ट बसत नव्हती. दिवाळीनंतर मुळे माझ्या घरी फिरकले नव्हते. प्रकाशच्या घरीही नाही. मी फोनवर फोन लावले. ज्या ज्या घरातून प्रत गेली, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला विचारलं, गेल्या काही दिवसांत तुमच्याकडे कोण आलं होतं?

प्रत्येकाने मला एकच उत्तर दिलं. “कुणीच नाही.”

मी स्वतःलाही तोच प्रश्न विचारला. माझ्या घरी तरी कोण आलं होतं? कुणीच नाही.

४

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी कोलार रोडला गेलो. तन्वी आई-वडिलांच्या घरातच वरच्या खोलीत काम करते. खिडक्यांना काळे पडदे लावले होते, टेबलावर दोन मोठे पडदे कॉम्प्युटरचे. वय तिशीच्या आतलं, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

“काका, देखिए, किताब किताब आहे आणि फिल्म फिल्म,” तिने बसायच्या आधीच सुरू केलं. कदाचित रविवारची तालीम करत असावी. “मी पुस्तक दोनदा वाचते, मग बंद करून आईकडे देते. स्क्रिप्ट पूर्ण होईपर्यंत हात नाही लावत. नाहीतर काय होतं, माणूस कॅमेरा घेऊन पानं उलटत बसतो. काशिनाथ आजोबांनी लिहिलं ते त्यांचं. मी बनवलं ते माझं. दोन्ही एकमेकांवाचून उभं राहायला पाहिजे. एवढीच बात आहे.”

“तुझी प्रत?”

“आईच्या कपाटात होती. आता नाहीये. ढूँढा भी.”

“म्हणजे पुस्तकाचा शेवट ठाऊक असलेली या भागात तू एकटीच. काय होता?”

ज्या पोरीचं तोंड मी आल्यापासून बंद झालं नव्हतं, ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

“ते नाही सांगणार, काका. प्रॉमिस केलंय.”

“कुणाला?”

“वो भी नहीं.”

मी जरा कडक झालो. काशिनाथराव कसे तळमळताहेत ते सांगितलं. म्हटलं, “एक फोन करून त्यांना शेवट सांगितलास तरी पुरे. मुळ्यांनी तुला पेपरात प्रतारणा करणारी ठरवलं. तू शेवट का बदललास ते सांग, त्यांचं तोंड बंद होईल.”

“बोलू दे त्यांना,” ती म्हणाली आणि तिचे डोळे एकदम भरून आले. “मुझे फर्क नहीं पड़ता. पण आजोबांना सांग असं नका म्हणू, प्लीज. मी रविवारी स्टेजवर सगळं ऐकून घेईन. पण ते सांगणं मला नाही जमणार.”

खाली तिची आई जिन्याशीच उभी होती. तिळगूळ हातावर ठेवताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच आहे असं मला वाटलं.

पोरीला काहीतरी ठाऊक होतं, ती ते लपवत होती, आणि रविवारी पुस्तक नसणं तिच्याच फायद्याचं होतं. दक्षता विभागात एवढ्यावर मी अहवाल लिहून मोकळा झालो असतो. पण आमच्या कॉलनीत ती पाऊल ठेवती तर सेल्फीसाठी गर्दी झाली असती. माझ्या कपाटापर्यंत ती पोचली कशी?

५

हात टेकायच्या बेतात होतो, तेवढ्यात वसंत घाट्यांची आठवण झाली. अयोध्या नगरला राहतात, काशिनाथरावांच्याच कारखान्यातले. दिवाळीच्या तोंडावर त्यांची आई गेली. तेव्हापासून ते मंडळात आले नव्हते, म्हणून प्रकाशच्या फोनयादीतून निसटले होते.

वसंतरावांनी दार उघडलं, पाणी दिलं. घर शांत होतं. मी कादंबरीचं नाव काढलं, तसे ते उठले, शोकेसची काच सरकवली आणि प्रत माझ्या हातात ठेवली. अजून प्लास्टिकचं वेष्टणही निघालं नव्हतं.

“घ्या की. मला कुणी विचारलंच नाही.”

मला हसावं की रडावं ते कळेना. स्कूटरवर बसून, कडुलिंबाच्या सावलीत, मी ते वेष्टण फाडलं. पहिल्याच पानावर एक शब्द होता, ‘निनादला.’ मी थेट शेवटचं प्रकरण उघडलं.

ते चार-पाच पानांचंच आहे. बाप दुसऱ्या पाळीत असतो. त्याला खात्यातून बाहेर बोलावतात. कालव्याकाठी माणसं जमलेली असतात. मुलगा सकाळी सायकल बापाच्या कारखान्याच्या स्टँडवर लावून मित्रांबरोबर पोहायला गेलेला असतो. सगळं उरकल्यावर बाप स्टँडवर जातो. राखणदार सायकल लावल्याचा बिल्ला मागतो. बिल्ला मुलाच्या खिशात होता. बिल्ल्याशिवाय सायकल देता येत नाही, नियम आहे. बाप वाद घालत नाही. नियम बरोबर आहे म्हणतो आणि पायी घरी जातो. बस्स, संपलं.

मी पुस्तक मिटलं. कादंबरी म्हणजे कल्पित, असं आपण धरून चालतो. पण ही कल्पित नव्हती. अर्पणपत्रिकेतला मुलगा ‘बाहेर’ नव्हता. काशिनाथरावांनी आधी आयुष्याची कादंबरी केली होती, मग तन्वीने कादंबरीचा सिनेमा केला, आणि दर वेळी काहीतरी बदललं होतं. फाटक उघडं ठेवून ‘कोण, निनाद?’ विचारणाऱ्या माणसाने हे पुस्तक मागितलं होतं आणि मी ते शोधून काढलं होतं.

पण माझ्या खोपडीला सवय वाईट. ती कोडं सोडत नाही. सगळीकडून प्रती गेल्या, मग इथलीच कशी राहिली? या घरात वेगळं काय होतं?

पाहिलं तर काहीच नव्हतं. आणि तेच वेगळं होतं. दारात रांगोळी नव्हती. कुणी हातावर तिळगूळ ठेवला नाही. टीपॉयवर गाळण्या नव्हत्या. वर्ष सरायच्या आत या घरात सण करायचा नव्हता. यंदा इथे हळदीकुंकू झालंच नव्हतं.

आणि बाकी प्रत्येक घरात झालं होतं. मंडळाच्या हॉलमध्येसुद्धा, पुस्तकांच्या कपाटासमोर सतरंज्या घालून. त्या संध्याकाळी आम्ही पुरुष काय करतो? पेपर घेऊन गच्चीवर जातो. खाली तीस बायका येऊन जातात, हसतात, गाळण्या वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, काल घरी कोण आलं होतं, तर आम्ही छातीठोकपणे सांगतो, कुणीच नाही!

घरोघरी गेलेल्या त्या बायकांत पुस्तकाबद्दल माझ्याशी खोटं बोललेली एकच होती. वाळवी लागली म्हणाली होती, आणि तिची पेटी पत्र्याची होती.

६

“आपल्या हळदीकुंकवाला सिंधूवहिनी आल्या होत्या?” मी घरात शिरताच विचारलं.

मंजूषा तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “सगळ्याच आल्या होत्या.”

“पुस्तक त्यांनी नेलं.”

“नेलं नाही. मी दिलं.” आता तिने ताट बाजूला ठेवलं. “ओटी भरली त्यांची. तांदूळ, खण, नारळ, आणि खाली पुस्तक. पल्लवीने तसंच दिलं. तन्वीच्या आईनेही. मंडळाच्या कपाटाची किल्ली प्रकाशच्या घरीच असते, त्याच्या बायकोने काढून दिलं. तुम्ही उगाच त्या मुळ्यांच्या मागे लागलात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारच्या उशीवर झोपणारी बाई गुन्ह्यात सामील होती आणि मी कोलार रोडपर्यंत पेट्रोल जाळत होतो.

“त्यांनी मागितलं तरी कसं?”

“काही मागितलं नाही हो. कुंकू लावून घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. बाकीच्या गेल्यावर बोलल्या.” मंजूषाने पदराला हात पुसले. “काशिनाथरावांना आता काही राहत नाही डोक्यात. पेटीतली प्रत काढायचे, वाचायचे, आणि शेवटाला आले की वहिनींना हाक मारायचे. निनाद गेला? कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही? रडून रडून झोपायचे. पुन्हा सगळं विसरायचे. पुन्हा पेटी उघडायची. त्या बाईने तेच मरण किती वेळा सांगायचं? पेटी रिकामी केली, तर ते सकाळी फिरायला निघून लोकांच्या घरी जाऊन कपाटं धुंडाळायला लागले. त्यात तुमच्या प्रकाशने ते रविवारचं काढलं. म्हणजे माईकवर वाचायचं, तीनशे लोकांसमोर कळायचं.”

“मला सांगायचं होतंस.”

“तुम्हाला?” ती म्हणाली. “तुम्हाला खरं सांगितलं की तुम्ही त्यावर तारीख घालता आणि वर पाठवता.”

मी पिशवीतून वसंतरावांची प्रत काढून तिच्यासमोर ठेवली. ती पाहून मंजूषाने कपाळाला हात लावला. “अगं बाई! घाट्यांकडे जायचं राहिलंच.”

मी पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं. ते मंजूषाला देऊन मोकळं होता आलं असतं. पण ज्याने मागितलं होतं त्याने माझा हात धरून मागितलं होतं.

७

सिंधूवहिनी फाटकाशी होत्या. माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

“ते आत टीव्ही बघताहेत,” त्या म्हणाल्या. “जरा थांबता, भाऊजी?”

आम्ही पेरूच्या झाडाखाली उभे राहिलो. मी म्हटलं, “तन्वीने वचन तुम्हाला दिलंय.”

“शेवट मीच बदलायला लावला.” त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. “ती हक्क मागायला आली तेव्हा यांचं डोकं ठिकाणावर होतं. हे तिला म्हणाले, तुला हवं ते कर. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, पोरी, यांच्या पुस्तकात तो इतकी वर्षं मरतोय. तू तुझ्या सिनेमात एकदा तरी त्याला घरी आण. ती कबूल नव्हती. म्हणाली, आजी, बिल्ल्याचा सीन मी कसा सोडू, त्याच्यासाठीच तर मी हे करतेय. मी तिच्या पाया पडले, भाऊजी. एवढ्याशा पोरीच्या.”

मी मुळ्यांचे तीन रकाने आठवले. सिनेमाने पुस्तकापासून वेगळं उभं राहावं की नाही यावर गाव भांडत होतं. ज्या पोरीवर स्वातंत्र्य घेतल्याचा आरोप होता, तिने ते घेतलंच नव्हतं. तिचा आवडता प्रसंग सोडून तिने एका म्हातारीचं ऐकलं होतं आणि वर शिव्या खाल्ल्या होत्या.

“पण मग बरं झालं ना,” मी म्हटलं. “पुस्तक गेलं, सिनेमा राहिला. आता त्यांना आठवतं ते सिनेमातलं. मुलगा परत आला.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं.

“मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवस आनंदात होते. शेजारी पेढे वाटायला निघाले होते, मी अडवलं. आता वाट बघतात. जेवायला बसले की तिसरं ताट मांडायला लावतात. फाटक लावू देत नाहीत. इतका वेळ कुठे राहिला म्हणून माझ्यावर ओरडतात.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “पुस्तक दिलं तर तो आज जातो. नाही दिलं तर रोज उशीर करतो. मी दमले, भाऊजी. तुम्ही काय ते ठरवा.”

नोकरीत मी शेकडो निर्णय लिहिले. दोषी, निर्दोष, पुरावा अपुरा. यातला एकही इथे चालत नव्हता. मी काही न ठरवताच व्हरांड्याच्या पायऱ्या चढलो.

काशिनाथराव टीव्ही बंद करून बाहेर आले. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“अरविंदराव! मिळालं?”

पिशवी माझ्या खांद्याला होती. बंद काढून हात घातला असता तर झालं असतं. या माणसाचा स्वतःच्या शब्दांवर हक्क होता. ती पानं त्याने रक्त आटवून लिहिली होती आणि ती चांगली होती, सिनेमापेक्षा फार चांगली. हे सगळं मला त्याला सांगायचं होतं. सिंधूवहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

“नाही मिळालं,” मी म्हटलं. “कुठेच नाही.”

ते खाली बसले. बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, तसं मला माझ्या खोटेपणाचं समाधान वाटू लागलं.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “म्हणजे पोरीने दाखवलं तेच मी लिहिलं असणार. ती कशाला बदलेल? रविवारी तसंच सांगतो सगळ्यांना. सिनेमाने पुस्तकाचा एक शब्दही सोडलेला नाही. मुळ्यांना म्हणावं, गप्प बसा.”

“असं सांगा,” मी म्हटलं.

“पण मग एक सांगा.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. “तो परत आलाय, तर आहे कुठे?”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“तुम्ही चौकशीखात्यातले ना? मग पुस्तकाचं सोडा. त्याला शोधा. निनाद नाव. चौदा वर्षांचा आहे, उंच दिसतो. निळा स्वेटर असेल अंगात, हिने विणलेला. सकाळी निघाला तो अजून आला नाही. तशी काळजी नाही, सायकल आहे त्याच्याकडे. पण हिचा जीव लागत नाही म्हणून म्हणतो.” त्यांनी माझा हात पुन्हा घट्ट धरला. “शोधाल ना?”

नोकरीत असताना लोक आमच्या दारात येऊन असेच हात धरायचे. ज्यांच्या प्रकरणाचं काही होणार नाही हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं, त्यांना आम्ही एकच शब्द सांगून परत पाठवायचो. तेव्हा तो शब्द मला कधी जड गेला नव्हता.

“बघतो,” मी म्हटलं.